जाळीवरचा बिल्ला आणि दुसरा ‘एम’

माझा भाचा कुंभिवलीला राहतो. खालापूर तालुक्यातलं हे गाव. या पट्ट्यात कारखाने आणि गोदामं उभी राहिली, तसा इथल्या पोरांच्या हाताला शेतीसोबत गाडीचा धंदा लागला. भाच्याकडे हप्त्यावर घेतलेली बोलेरो पिकअप आहे. कारखान्याची रिकामी पिंपं, भाजीचे क्रेट, कुणाच्या लग्नाची भांडी, जे भाडं मिळेल ते तो वाहतो. गावात मात्र तिला पिकअप म्हणणारे कमीच. सगळ्यांसाठी तो टेंपो.

दिवाळीनंतर त्याचा फोन आला. “मामू, गाडीचा शो बदलतोय. खोपोलीला येता का?”

गॅरेजच्या भाषेत शो म्हणजे गाडीचं पुढचं तोंड. बोनेटच्या खाली, दोन दिव्यांच्या मध्ये जी जाळी असते ती. पावसात कंपनीच्या जाळीला भेग गेली होती. त्यानं काळ्या रंगाची, उभ्या पट्ट्यांची नवी जाळी आणली होती. पुड्यात आणखी दोन वस्तू होत्या. एक, महिंद्राच्या मोठ्या गाड्यांवर असतो तो नवा बिल्ला. कंपनीनं २०२१ साली आपल्या एसयूव्ही गाड्यांसाठी हे नवं चिन्ह आणलं, मालवाहू गाड्यांवर आणि ट्रॅक्टरवर जुनंच ठेवलं. पिकअपवाल्या पोरांना साहजिकच नवं हवं असतं. दुसरी वस्तू म्हणजे स्टीलचा चाँद आणि त्याच्या पोटात ७८६.

गॅरेजमधल्या पोरानं बोनेट उघडलं, वरचे स्क्रू काढले, क्लिपा सोडवल्या आणि जुनी जाळी बाहेर ओढली. जुन्या बिल्ल्याला हीट गननं शेक दिला, मागून नायलॉनचा दोरा करवतीसारखा फिरवला, बिल्ला सुटला. थिनरच्या फडक्यानं गोंद पुसला. नवा बिल्ला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर दाबून बसवला. मग त्यानं चाँद हातात घेतला आणि विचारलं, “हा पण लावायचा ना? मधोमध?”

भाचा गप्प बसला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

त्या गप्प बसण्यामागची गोष्ट मला नंतर कळली. पंधरा दिवसांपूर्वी घाटाच्या वर रात्री चार पोरांनी त्याची गाडी अडवली होती. काचेवर चाँदचं छोटं स्टिकर होतं. “मागे काय आहे?” म्हणून ताडपत्री वर करायला लावली. मागे रिकामे क्रेट होते. त्यांनी बॅटरी मारून पाहिलं आणि “जा” म्हणाले. घरी येऊन त्यानं आईला सांगितलं, “काही झालं नाही.” खरंच काही झालं नव्हतं. तरी पुढचे दोन दिवस त्यानं घाटावरची भाडी नाकारली.

आता त्यानं मला मोबाइलवर आलेली एक पोस्ट दाखवली. “मामू, ही कंपनी पहिल्यांदा ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ होती म्हणे. म्हणजे एम अँड एममधला दुसरा एम मोहम्मदचा. मग बिल्ल्यातच आपलं नाव आहे की! वेगळं लावायची गरज काय? हे खरं आहे का?”

अर्धं खरं आहे. आणि अर्धं खरं असलेल्या गोष्टीवर आपल्या माणसांनी समाधान मानून घेणं मला बरं वाटत नाही. म्हणून हा लेख.

जाळी कुणाची?

आधी जाळीचंच बोलू. जाळी शोभेसाठी जन्मली नाही. तिच्या मागे रेडिएटर असतो. टर्बोच्या गाडीत हवा थंड करणारा इंटरकूलरही असतो. त्यांना वारा मिळाला पाहिजे आणि दगड लागता कामा नये, एवढंच तिचं मूळ काम. म्हणून शौकाखातर बारीक छिद्रांची किंवा अर्धी बंद जाळी लावणाऱ्यांना बोरघाट शिकवण देतो. माल भरून चढ चढताना इंजिनाचा काटा वर सरकतो, तेव्हा शो कितीही देखणा असला तरी बोनेट उघडून उभं राहावं लागतं.

महिंद्राच्या गाड्यांवरच्या उभ्या पट्ट्यांचं घराणं जीपपासून सुरू होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या पहिल्या जीपना लोखंडी पट्ट्या जोडून केलेली जाळी होती. फोर्डनं तीच जीप बनवायला घेतली तेव्हा एका पत्र्यातून ठोकून काढलेली नऊ खाचांची जाळी केली. ती हलकी आणि स्वस्त पडली, म्हणून १९४२ मध्ये विलीजनंही ती उचलली. युद्ध संपल्यावर १९४५ साली साध्या नागरिकांसाठी जीप आली. तिचे दिवे मोठे झाले आणि खाचा सात उरल्या. त्या सात खाचा हीच पुढे जीपची ओळख झाली.

ही ओळख किती किमती असते, ते महिंद्रानं अलीकडेच अनुभवलं. अमेरिकेत विकायला काढलेली ‘रॉक्सर’ ही गाडी आमच्या जीपसारखी दिसते, अशी तक्रार फियाट क्रायस्लर कंपनीनं २०१८ मध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे केली. जून २०२० मध्ये आयोगानं महिंद्राच्या विरोधात निकाल दिला. मग महिंद्रानं गाडीचं तोंड बदललं आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात आयोगानं बदललेल्या गाडीला मोकळीक दिली. भाचा खोपोलीत तासाभरात जे करून घेत होता, ते करायला एवढ्या मोठ्या कंपनीला दोन वर्षं आणि वकिलांची फौज लागली. गाडीचं तोंड म्हणजे तिचं नाव, हे कंपन्यांना आपल्याआधी कळलेलं आहे.

पण ही नावं कायमची नसतात. टाटांनी १९५४ मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझबरोबर पंधरा वर्षांचा करार करून ट्रक बनवायला घेतले. त्या ट्रकांच्या तोंडावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा असे. १९६९ साली करार संपला, तारा उतरला, टाटांचा ‘टी’ आला. ट्रक तेच राहिले, घाट तोच राहिला. आपल्या ‘टेंपो’चंही तसंच. टेंपो हे एका जर्मन कंपनीचं नाव. पुण्याच्या बजाज टेंपोनं १९५८ पासून तिच्या तीनचाकी गाड्या इथे बनवल्या. २००५ मध्ये या कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं, म्हणजे टेंपो हा शब्द तिच्याही पाटीवरून गेला. कुंभिवलीच्या तोंडातून मात्र तो गेला नाही. महिंद्राच्या गाडीलाही तिथे टेंपोच म्हणतात.

दुसरा एम

आता पोस्टमधलं खरं काय ते सांगतो.

१९४५ च्या ऑक्टोबरात लुधियानात ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ नावाची पोलादाचा व्यापार करणारी कंपनी सुरू झाली. महिंद्रा म्हणजे जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे दोन भाऊ. जगदीशचंद्र टाटांच्या पोलाद कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होते आणि युद्धकाळात सरकारचे पोलाद नियंत्रक झाले. कैलाशचंद्र युद्धकाळात वॉशिंग्टनमध्ये भारताच्या पुरवठा मंडळाचे प्रमुख होते. जीपशी त्यांचा परिचय अमेरिकेतलाच. आणि मोहम्मद म्हणजे मलिक गुलाम मोहम्मद. अलीगढचे पदवीधर, हिशेब खात्यातले नावाजलेले अधिकारी. १९४० च्या दशकात ते निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे अर्थमंत्रीही होते. म्हणजे त्या वेळच्या मराठवाड्याच्या तिजोरीच्या किल्ल्याही काही काळ त्यांच्याच हाती होत्या.

फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झालं. आद्याक्षरं मात्र तीच राहिली. छापून घेतलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून दुसरा ‘एम’ तसाच ठेवला, असं सांगितलं जातं. पुढच्याच वर्षी, १९४९ मध्ये, मुंबईत माझगावला अमेरिकेहून आलेले सुटे भाग जोडून विलीज जीप तयार होऊ लागल्या.

म्हणजे आज बिल्ल्यात मोहम्मद नाही. दुसरा एमही महिंद्रांचाच आहे. पोस्ट लिहिणाऱ्यानं १९४५ ची गोष्ट घेतली आणि १९४८ ची सोडली. आणखी एक गोष्ट. तो मोहम्मद म्हणजे आपले पैगंबर नव्हेत. तो एका भागीदाराच्या नावाचा तुकडा होता. मोबाइलवर हात फिरवत “बिल्ल्यात हुजूरचं नाव आहे” म्हणणाऱ्यांनी एवढा तरी अदब पाळावा.

आणि ज्यांच्या नावाचा अभिमान धरायचा, त्यांचं पुढे काय झालं तेही वाचावं. गुलाम मोहम्मद १९५१ मध्ये पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले. १९५३ मध्ये त्यांनी पंतप्रधान ख्वाजा नाझिमुद्दीन यांचं सरकार बरखास्त केलं आणि १९५४ मध्ये तिथली घटना समितीच मोडीत काढली. पाकिस्तानच्या लोकशाहीच्या पायाला सुरुवातीलाच जे तडे गेले, त्यातला एक या हिशेबी माणसाच्या सहीनं गेला. १९५६ मध्ये ते वारले.

त्यांच्यावर राग धरायचं मला कारण नाही. त्यांना पर्याय होता, त्यांनी तो निवडला. वरच्या वर्गातल्या अनेकांनी तेच केलं. पण त्यांच्या जाण्याचा आणि आपल्या राहण्याचा हिशेब एकाच वहीत मांडायची आपल्याकडे सवय आहे. कुणी म्हणतं, “तुमचे लोक गेले.” उत्तरादाखल आपण म्हणतो, “पण ही कंपनी आमच्याही माणसाची होती.” दोन्ही बाजूंनी पुरावा म्हणून तोच एक माणूस उभा केला जातो, जो इथे राहिलाच नाही. जे राहिले त्यांना कुणी विचारत नाही.

बोनेटखालची नावं

राहिलेल्यांना शोधायला कुंभिवलीहून फार लांब जावं लागत नाही. पोलादाच्या व्यापारातून सुरू झालेल्या याच महिंद्रा समूहानं १९६२ साली फ्रान्सच्या युजिन कंपनीच्या भागीदारीत मिश्र पोलादाची कंपनी काढली. तिचा कारखाना खोपोलीत, जगदीशनगरला. जगदीशनगर म्हटलं की मला तर लुधियानातले ते जगदीशचंद्रच आठवतात. गाड्यांच्या भागांना लागणारं पोलाद तिथे तयार होऊ लागलं. पुढे जपानी भागीदार आले, पाटीवरचं नाव बदलत गेलं. पण खोपोली-खालापूरच्या कितीतरी घरांत पगार आला तो या भट्ट्यांमधून. त्या घरांत सगळ्या जातीधर्मांची घरं होती. भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्याचं नाव जाळीवर कधी येत नाही, मग तो कांबळे असो की शेख.

दुसरा पुरावा सरकारी कागदावर आहे. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये सादर झाला. आपण त्यातली गरिबीची, शिक्षणाची आकडेवारी वारंवार सांगतो. त्यात आणखीही एक निरीक्षण आहे. मुस्लिम कामगार कोणत्या धंद्यांत जास्त दिसतात, त्यांत वाहनांची विक्री आणि दुरुस्ती हा एक. समितीनं तो पगारी, कायमच्या नोकऱ्यांत शिरकाव नसल्याचं लक्षण म्हणून वाचला, आणि ते बरोबरच आहे. नोकरीचं दार बंद म्हणून माणूस पाना हातात घेतो. पण त्या पान्याचाही एक इतिहास आहे. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात जा, कोणत्याही तालुक्याच्या नाक्यावर जा. रेडिएटर झाळणारा, पाटे बांधणारा, डेंटिंग-पेंटिंगवाला, सीट शिवणारा, यांत आपली माणसं भेटतातच. गुलाम मोहम्मद १९४७ मध्ये गेले. रेडिएटर झाळणारा गेला नाही. त्या दिवशी भाच्याची जाळी बसवणारा पोरगाही त्याच बिरादरीतला.

भारताच्या वाहन उद्योगात मुसलमानांचा वाटा काय, असं कुणी विचारलं तर मी एका अक्षराकडे बोट दाखवणार नाही. मी बोनेट उघडून दाखवेन.

चाँद आणि ७८६

उरला प्रश्न चाँदचा. तो लावावा की नाही?

इथेही थोडा इतिहास लागतो. ७८६ कुरआनात नाही, हदीसमध्ये नाही. अरबी अक्षरांना अंक देण्याची अबजद नावाची जुनी पद्धत आहे. अलिफ एक, बे दोन, मीम चाळीस, सीन साठ, असं. ‘बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम’ची अक्षरं या हिशेबानं मोजली तर बिस्मचे १०२, अल्लाहचे ६६, अर्रहमानचे ३२९ आणि अर्रहीमचे २८९ होतात. बेरीज ७८६. हा आकडा पत्राच्या माथ्यावर, दुकानाच्या वहीवर लिहायची चाल मुख्यतः आपल्या उपखंडातली. अनेक उलेमांना ती मान्य नाही. आकडा लिहिल्यानं बिस्मिल्ला म्हटल्याचं पुण्य मिळत नाही, असं ते सांगतात. चाल पडण्यामागचं कारण मात्र मला भावतं. कागद पायाखाली येतो, कचऱ्यात जातो. त्यावर अल्लाहचं नाव असेल तर बेअदबी होते. म्हणून नावाऐवजी आकडा. पावसाळ्यात चिखल आणि शेण उडणाऱ्या जाळीवर नाव न लावता आकडा लावणारा ड्रायव्हर नकळत तोच अदब पाळत असतो.

चाँद-ताराही मूळचा इस्लामी नव्हे. इस्लामच्या कितीतरी आधी बायझंटियम शहराच्या नाण्यांवर चाँद आणि तारा होते. पुढे उस्मानी तुर्कांच्या झेंड्यामुळे तो मुसलमानांची निशाणी मानला गेला. आपल्याकडे ७८६ घराघरांत पोचवला तो १९७५ च्या ‘दीवार’नं. त्यात गोदीतल्या हमालाच्या बिल्ल्यावर हा आकडा होता, आणि तो हमाल मुसलमान नव्हता. आजही अनेक हिंदू ड्रायव्हर ७८६ चा नंबर मिळावा म्हणून धडपडतात, ७८६ ची नोट पाकिटात जपून ठेवतात.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करू देत नाही. गाडीचा रंगही त्या तपशिलात येतो. पुढे लावायच्या लोखंडी बुल बारवर कारवाई करा, असं केंद्र सरकारनं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कळवलं, कारण त्यानं धडक लागलेला माणूस जास्त जखमी होतो. नंबरप्लेटवर नंबराशिवाय काही लिहिता येत नाही, चाँद नाही आणि दुसरं कुठलंही चिन्ह नाही. दिवे आणि नंबर झाकले जाऊ नयेत हे पाहायचं. एवढं सांभाळून बसवलेल्या छोट्याशा बिल्ल्यानं नोंदणीतलं काही बदलत नाही.

हे सगळं मी भाच्याला तिथेच स्टुलावर बसून सांगितलं. शेवटी म्हणालो, “धर्मानं चाँद लावलाच पाहिजे असं नाही. कायद्यानंही त्याला आडकाठी नाही. आता तू ठरव. पण एक कर. नाही लावलास तर का नाही लावला, ते स्वतःशी खरं बोल. अदब म्हणून नाही लावला तर ती गोष्ट वेगळी. भीती म्हणून नाही लावला तर तिला भीतीच म्हण. ‘बिल्ल्यात आधीच आपलं नाव आहे’ असं म्हणून तिला झाकू नकोस.”

तो थोडा वेळ चाँद हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, “मामू, भीतीच आहे. पण माझ्यापेक्षा गाडीची जास्त. अजून एकतीस हप्ते आहेत. काच फुटली तर दोन दिवस गाडी उभी, आणि हप्ता काही उभा राहत नाही.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतिहास सांगणाऱ्यानं हप्ते भरणाऱ्याला शौर्य शिकवू नये. पण मी गप्प राहिलो याचा अर्थ मला ते पटलं असा नाही. आपल्या मालकीच्या गाडीच्या तोंडावर काय लावायचं, हे रात्री घाटात भेटणाऱ्या अनोळखी चार पोरांनी ठरवावं, ही गोष्ट माझ्या भाच्याची एकट्याची नाही. आज चाँद आहे, उद्या दुसऱ्या कुणाची निशाणी असेल. ताडपत्री वर करायला लावण्याचा हक्क एकदा कुणी आपल्या हातात घेतला की तो तेवढ्यावर थांबत नाही.

त्यानं चाँद जाळीवर लावला नाही. केबिनमध्ये, स्टीअरिंगच्या मागे, फक्त त्याला दिसेल असा चिकटवला. काचेवरचं स्टिकर मात्र काढलं नाही. “ते पहिल्यापासून आहे. ते काढलं तर मला रोज आठवेल,” म्हणाला.

संध्याकाळी नवी जाळी घेऊन आम्ही चक्कर मारायला निघालो. तो जुन्या रस्त्यानं घाटात शिंगरोबाच्या देवळापर्यंत गेला. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणारा धनगर म्हणून शिंगरोबाची कथा सांगतात. ड्रायव्हर तिथे नाणं टाकून पुढे जातात. भाच्यानं खिडकीतून हात बाहेर काढून नाणं टाकलं. त्याचे अब्बाही टाकायचे.

चढावर त्याचं लक्ष काट्याकडे होतं. “नवी जाळी चांगली आहे मामू,” तो म्हणाला, “इंजिन तापत नाही.”